पंजाबची जमीन, पाणी आणि गहू-तांदूळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चमध्ये गहू पिवळा पडला की नाशिक-नगरपासून मराठवाड्यापर्यंत 'पीबी' पासिंगची हार्वेस्टर दिसायला लागतात. ड्रायव्हर सरदारजी किंवा त्याचा भाचा-पुतण्या, बरोबर दोन पोरं, आणि मशीनच्या सावलीत अंथरलेली वळकटी. बांधावर त्यांच्याशी गप्पा सुरू झाल्या की तेच ते प्रश्न निघतात: तुमच्याकडे एकरी किती, पाणी कुठून, सरकार सगळंच विकत घेतं का? अशाच प्रश्नांची ही उत्तरं. शेतीवर भर जास्त आहे, कारण पंजाबचा भूगोल आणि इतिहास शेतातूनच नीट कळतो.

पंजाब नेमका केवढा आहे?

क्षेत्रफळ ५०,३६२ चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे सहा तुकडे केले तर एकात मावेल एवढा. देशाच्या जमिनीचा जेमतेम दीड टक्का. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २.७७ कोटी. जिल्हे २३, त्यातला मालेरकोटला २०२१ मध्ये झालेला. राजधानी चंडीगड, ती हरियाणाचीही राजधानी आहे आणि शिवाय स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश आहे. तो वाद १९६६ पासून तसाच लोंबकळतोय.

पाच नद्यांपैकी किती आपल्याकडे?

तीन. सतलज, बियास आणि रावी. चिनाब आणि झेलम यांचा मैदानी भाग पाकिस्तानात गेला. बियास आणि सतलज हरिके इथे एकत्र येतात. तिथल्या बंधाऱ्यातून निघणारा कालवा पंजाबचं पाणी थेट राजस्थानच्या वाळवंटात नेतो. इंदिरा गांधी कालवा म्हणतात तो हाच. १९६० च्या सिंधू पाणीवाटप करारात या तीन पूर्वेकडच्या नद्या भारताच्या वाट्याला आल्या. पण भारताचं पाणी म्हणजे पंजाबचं पाणी नव्हे, हे पंजाबचं जुनं दुखणं. सतलज-यमुना जोड कालवा हरियाणाला पाणी देण्यासाठी आखला गेला आणि आजतागायत अर्धवट पडून आहे.

नदीकाठच्या पूरपट्ट्याला तिथे 'बेट' म्हणतात. ऑगस्ट २०२५ च्या पुरात रावी, बियास, सतलज तिन्ही नद्या फुगल्या आणि गुरदासपूर, कपूरथळा, फिरोजपूर, फाजिल्का भागातला उभा भात पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर शेतात वाळूचे थर राहिले. ती वाळू शेतकऱ्याने काढून विकायला सरकारने परवानगी दिली.

माझा, दोआबा, माळवा हे काय प्रकरण आहे?

पंजाबी माणूस गाव सांगायच्या आधी हे सांगतो. रावी आणि बियास यांच्यामधला तो माझा: अमृतसर, तरनतारन, गुरदासपूर. बियास आणि सतलज यांच्यामधला दोआबा: जालंधर, कपूरथळा, होशियारपूर. सतलजच्या दक्षिणेचा सगळा माळवा: लुधियाना, पटियाला, संगरूर, भटिंडा, मानसा. इंदूर-उज्जैनच्या माळव्याशी याचा काही संबंध नाही.

तिघांची शेती वेगळी. माझा भागात बासमती. दोआब्यात बटाटा, ऊस आणि परदेश! इथली घरंच्या घरं कॅनडा-इंग्लंडला गेलेली आहेत. गावात तीन मजली कोठी, छतावर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी आणि आत राहायला फक्त आजी-आजोबा, हे दृश्य दोआब्यात नवलाचं नाही. माळवा सगळ्यात मोठा. मोठे जमीनदार तिथे, कापूस तिथे, शेतकरी संघटनांचा जोर तिथे आणि आत्महत्याही तिथेच जास्त.

पाऊस तर बेताचाच. मग एवढं पीक येतं कसं?

पठाणकोटकडे, डोंगराच्या पायथ्याला, हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. नैर्ऋत्येला अबोहर-फाजिल्काकडे जावं तसा तो तीन-चारशेवर येतो, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. फरक असा की माणदेशात खाली खडक आहे आणि इथे खाली नद्यांनी आणून टाकलेला गाळ, शेकडो फूट. त्यात पाणी मुरतं, साठतं आणि बोअर मारली की मिळतं. वर कालवे. लागवडीखालच्या जमिनीपैकी ९८ टक्क्यांहून जास्त बागायत आहे. आपल्याकडे हा आकडा वीसच्या आसपास घुटमळतो. म्हणून 'पंजाबचा शेतकरी बघा' असं कोणी म्हटलं की आधी त्याला आपला बेसाल्ट दाखवावा.

थंडीत पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर थोडा पाऊस पडतो, तो गव्हाला अमृत. मार्चमध्ये उष्णतेची लाट आली तर मात्र दाणा चिमतो. २०२२ मध्ये नेमकं तेच झालं.

कालवे इंग्रजांनी काढले का?

मोठे कालवे, हो. १७९९ मध्ये रणजितसिंहांनी लाहोर घेतलं, १८३९ मध्ये ते गेले आणि १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब खालसा केला. त्यानंतर दहाच वर्षांत माधोपूरहून रावीचा अप्पर बारी दोआब कालवा सुरू झाला आणि १८८२ मध्ये रोपडहून सतलजचा सरहिंद कालवा. पण खरी कमाल झाली पश्चिमेला. चिनाब-झेलमच्या ओसाड पट्ट्यात कालवे काढून त्यांनी 'कॉलन्या' वसवल्या. लायलपूर, म्हणजे आजचं फैसलाबाद, त्यातलंच. जमिनीचे २५-२५ एकरांचे चौकोन पाडले. तो एक मुरब्बा. त्यात एकेका एकराचे २५ किल्ले. आजही पंजाबी शेतकरी जमीन किल्ल्यांत मोजतो. आठ कनालचा एक किल्ला, वीस मरल्यांचा एक कनाल.

या कॉलन्यांत नेलेले शेतकरी मुख्यतः अमृतसर, जालंधर, लुधियानाकडचे, म्हणजे आजच्या भारतीय पंजाबातले. १९०७ मध्ये सरकारने वसाहतीच्या अटी आवळायचा प्रयत्न केला तेव्हा याच लोकांनी 'पगडी संभाल जट्टा' आंदोलन उभं केलं. त्याचे पुढारी अजितसिंह, भगतसिंहांचे काका. तो कायदा सरकारला गुंडाळावा लागला.

फाळणीत या शेतकऱ्यांचं काय झालं?

हा भाग आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. हिंदू आणि शीख शेतकरी पश्चिमेत सुमारे २७ लाख हेक्टर जमीन सोडून आले. पूर्वेत मुसलमान शेतकऱ्यांनी सोडलेली जमीन सुमारे १९ लाख हेक्टर. म्हणजे येणाऱ्यांच्या वाट्याला आधीच कमी, आणि त्यातही तिकडची कालव्याची बागायत, इकडची बरीच कोरडवाहू. वाटणी कशी करायची?

पुनर्वसनाचे महासंचालक तरलोक सिंग यांनी दोन युक्त्या काढल्या. पहिली 'स्टँडर्ड एकर'. दहा-अकरा मण धान्य देईल एवढी जमीन म्हणजे एक स्टँडर्ड एकर. कालव्याखालचा एक एकर म्हणजे एक, तर कोरड्या भागातले चार एकर मिळून एक. दुसरी युक्ती चढत्या कपातीची. पहिल्या दहा एकरांवर २५ टक्के कपात, पुढे वाढत वाढत पाचशे एकरांच्या वरच्या हिश्शावर ९५ टक्के. जो तिकडे हजारो एकरांचा धनी होता तो इकडे काही शे एकरांवर आला. लहान शेतकऱ्याचं त्यामानाने भागलं. १९४९ संपेपर्यंत अडीच लाखांच्या आसपास वाटप झालं होतं. टेबलाशी बसून केलेलं असं काम आपल्या देशात इतक्या वेगाने क्वचितच झालं असेल.

त्याला जोड मिळाली चकबंदीची. १९४८ चा कायदा करून विखुरलेले तुकडे एकत्र केले आणि प्रत्येकाला शक्यतो एका जागी सलग शेत दिलं. आपलाही तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चाच, पण आपल्याकडे ते काम मध्येच रेंगाळलं आणि गटांचे वाद अजून तहसीलमध्ये चालू आहेत. पंजाबात ते तडीस गेलं. सलग शेत असलं की बोअर घेणं परवडतं आणि ट्रॅक्टर फिरतो. हरितक्रांतीची अर्धी तयारी इथेच झाली होती.

आजचा आकार कधी ठरला?

१ नोव्हेंबर १९६६. हिंदीभाषक भाग हरियाणा झाला, डोंगराळ भाग हिमाचलला जोडला. त्याआधी १९५६ मध्ये पटियाला, नाभा वगैरे संस्थानांचा पेप्सू पंजाबात विलीन झाला होता. ज्या भाक्रा धरणावर सगळं उभं आहे ते धरण आज हिमाचलात आहे. उंची २२६ मीटर, राष्ट्रार्पण नेहरूंच्या हस्ते २२ ऑक्टोबर १९६३ ला.

हरितक्रांती पंजाबातच का झाली?

बियाणं सगळ्यांनाच मिळालं असतं. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आलं, कृषिशास्त्रज्ञ बोरलॉग यांनी तयार केलेल्या बुटक्या वाणांचं. बुटका गहू खताने माजून लोळत नाही, एवढं साधं त्यातलं मर्म. पण त्याला वेळेवर पाणी लागतं, आणि हुकमी पाणी, सलग शेत व हाताशी सल्ला देणारं विद्यापीठ हे तिन्ही एकत्र पंजाबात होतं. लुधियानाचं कृषी विद्यापीठ १९६२ चं. तिथेच मेक्सिकन वाणांतून निवड करून 'कल्याण' गहू पुढे आला. दिल्लीतल्या निवडीच्या 'सोना'शी त्याचं नाव जोडून 'कल्याण सोना' झालं, तो आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांनाही आठवत असेल.

आणि चौथी गोष्ट, जी भाषणात येत नाही: गिऱ्हाईक. १९६५ मध्ये केंद्राने अन्न महामंडळ काढलं आणि भाव ठरवणारा आयोगही नेमला. देशात अन्नटंचाई, अमेरिकेच्या गव्हावर भिस्त. सरकारला धान्य हवं होतं आणि पंजाबला खात्रीचा घेणारा.

पंजाबी माणूस रोटी खातो. मग एवढा तांदूळ कशाला पिकवतो?

विकायला. १९६०-६१ मध्ये भाताखाली फक्त सव्वादोन लाख हेक्टर होतं. आज ते ३१-३२ लाख हेक्टर आहे. पूर्वी खरिपात मका, कापूस, बाजरी, भुईमूग आणि रब्बीत गव्हाबरोबर हरभरा असायचा. ते सगळं भाताने गिळलं, कारण भात सरकार घेतं आणि मका कोणी विचारत नाही. हमीभाव कागदावर तेवीस-चोवीस पिकांना आहे. पंजाबात प्रत्यक्षात तो दोनच पिकांना हमखास मिळतो. शेतकऱ्याने भाताची निवड केली ती चवीसाठी किंवा जमिनीला मानवतो म्हणून नव्हे. ज्या पिकाचा पैसा बुडत नाही ते त्याने लावलं. आपण असतो तर हेच केलं असतं. उसाच्या बाबतीत केलंच आहे.

मंडीत नेमकं काय होतं?

एप्रिलमध्ये, वैशाखीच्या आगेमागे, खन्ना किंवा राजपुऱ्याच्या मंडीत उभं राहिलं की कळतं. ट्रॉली येते, अडत्याच्या ठरलेल्या फडावर गहू ओतला जातो, ढिगाला ढेरी म्हणतात. बायका आणि पल्लेदार, म्हणजे हमाल, पंख्याखाली धान्य साफ करतात. सरकारी खरेदी संस्थेचा निरीक्षक येऊन मीटर खुपसतो; गव्हाला ओल १२ टक्के, भाताला १७ टक्के. जास्त भरली तर ढेरी उन्हात पसरून वाट बघायची, रात्री तिच्याशेजारीच झोपायचं. पास झाली की बारदानात भरून, शिवून, तोलून ट्रकमध्ये. शेतकऱ्याला मिळते विक्रीची पावती, जे-फॉर्म. त्यावर त्याचं बँकेतलं कर्जही चालतं.

२०२५-२६ च्या हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, साध्या भाताचा २,३६९. बहुतेक वर्षी गव्हाची सरकारी खरेदी शंभर ते सव्वाशे लाख टनांच्या घरात जाते, आणि रेशनच्या कोठारातला साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गहू एकट्या पंजाबचा असतो.

अडत्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो नुसता दलाल नाही, सावकारही आहे. मुलीच्या लग्नापासून डिझेलपर्यंत उचल त्याच्याकडूनच. पूर्वी सरकारी पैसाही त्याच्याच हातून यायचा, तो २०२१ पासून थेट शेतकऱ्याच्या खात्यात यायला लागला. अडत्याचं कमिशन तेवढं राहिलं, आणि उधारीही.

पाणी संपत चाललंय हे खरं का?

खरं. जेवढं पाणी वर्षाला मुरतं त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं. शेतीची वीज १९९७ मध्ये फुकट झाली. वीजपंप चौदा लाखांच्या आसपास. पूर्वी जमिनीवर ठेवलेल्या मोटरीने पाणी यायचं, मग खड्डा खणून मोटर खाली उतरवली, मग सबमर्सिबल. संगरूर-बरनाळ्याकडे दर काही वर्षांनी बोअर आणखी खोल करावी लागते, आणि तो खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही. फुकट विजेचा फायदा ज्याची बोअर खोल त्यालाच. उलट नैर्ऋत्येला पाणी वर आहे पण खारट, तिथे जमिनी चिबडतात.

२००९ मध्ये कायदा करून १० जूनच्या आधी भाताची लावणी बंद केली. मे महिन्याच्या भट्टीत खाचरं भरली तर निम्मं पाणी हवेतच जातं, म्हणून. कायदा शहाणपणाचा होता, पण त्याचं एक शेपूट निघालं.

म्हणजे धुराचा प्रश्न?

तोच. लावणी लांबली की कापणी ऑक्टोबर अखेरीपर्यंत ढकलली जाते, आणि गहू नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरायलाच हवा. मध्ये उरतात दोन-तीन आठवडे. हार्वेस्टर दाणे घेऊन जातं आणि गुडघाभर धसकट, वर काडाचे पट्टे शेतात सोडतं. वर्षाला सुमारे दोन कोटी टन काड. गव्हाचं भुसकट जनावरं खातात. या काडात सिलिका जास्त, त्याला ती तोंड लावत नाहीत. काडेपेटी दोन रुपयांची. काडातच गहू पेरणारी हॅपी सीडर, सुपर सीडर ही यंत्रं आहेत, अनुदानही आहे. पण सुपर सीडरला दमदार ट्रॅक्टर लागतो आणि सगळ्यांना ते त्याच दहा दिवसांत हवं असतं. सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणं दिल्लीला सोयीचं आहे, एवढंच म्हणतो. दिल्लीचा स्वतःचा धूर काही कमी नाही.

भात खाचराऐवजी वाफशावर थेट पेरायची 'तर-वत्तर' पद्धत लुधियानाच्या विद्यापीठाने सांगितली, सरकारने २०२२ मध्ये एकरी १,५०० रुपयेही देऊ केले. पाणी वाचतं, मजुरीही वाचते. तण मात्र माजतं, म्हणून बरेच जण एक वर्ष करून पुन्हा लावणीकडे वळतात.

मग पीक का बदलत नाहीत?

प्रयत्न झाले. भटिंडा-मानसा पट्ट्यातला कापूस, ज्याला ते नरमा म्हणतात, १९९० च्या दशकात बोंडअळीने खाल्ला. बीटीने सावरला, २०१५ मध्ये पांढऱ्या माशीने झोपवला, आता गुलाबी बोंडअळी. विदर्भातल्या माणसाला ही गोष्ट पुढची ओळ सांगायच्या आधीच कळेल. अबोहरकडचा किन्नू बरा चालतो. हे कॅलिफोर्नियात तयार झालेलं संकरित संत्रं, रसदार, भरपूर बियांचं. मुंबई-पुण्यात थंडीत नागपुरीच्या शेजारी त्याचा ढीग असतो आणि गिऱ्हाईक दोन्हीला संत्रंच म्हणतं. पण त्यालाही हमीभाव नाही, आणि दर पडला की शेतकरी झाडं उपटून पुन्हा भात लावतो.

जमीन कोणाच्या नावावर, राबतं कोण?

२०१५-१६ च्या कृषिगणनेत पंजाबचं सरासरी शेत ३.६२ हेक्टर होतं, महाराष्ट्राचं १.३४. जमीन मुख्यतः जट्ट शिखांकडे. दलितांचं प्रमाण लोकसंख्येत जवळपास ३२ टक्के, देशात सर्वांत जास्त, आणि जमिनीत मात्र अगदीच थोडं. १९६१ च्या कायद्यानुसार गावच्या सामायिक शेतजमिनीचा तिसरा हिस्सा लिलावात दलितांसाठी राखीव असतो. वर्षानुवर्षं तो हिस्सा दलिताच्या नावाने दुसराच कोणी कसत असे. संगरूरकडच्या गावांत गेल्या दशकात लोकांनी एकत्र येऊन बोली लावायला आणि सामूहिक शेती करायला सुरुवात केली. त्यावरून मारामाऱ्या झाल्या, बहिष्कारही पडले.

भाताची लावणी बिहार-उत्तर प्रदेशातल्या मजुरांच्या जिवावर होते. जूनमध्ये लुधियाना स्टेशनवर गाडी आली की जमीनमालक स्वतः घ्यायला उभे असतात. २०२० च्या टाळेबंदीत मजूर आले नाहीत, तेव्हा लावणीचे दर एकदम चढले होते.

२०२०-२१ चं आंदोलन पंजाबातूनच का पेटलं?

कारण गमावण्यासारखं त्यांच्याकडेच होतं. केंद्राच्या नव्या कृषी कायद्यांनी बाजार समितीबाहेर विक्री खुली केली तरी आपल्या कांदा-सोयाबीनवाल्याला फारसं काही जात नव्हतं. त्याला हमीभाव तसाही क्वचित मिळतो. पंजाबात समिती म्हणजे सरकारी खरेदीचं दार. २६ नोव्हेंबर २०२० ला ते दिल्लीच्या सीमेवर पोचले, सिंघू आणि टिकरीला वर्षभर ट्रॉल्यांत राहिले. १९ नोव्हेंबर २०२१ ला, गुरुनानक जयंतीच्या दिवशी, कायदे मागे घेण्याची घोषणा झाली.

महाराष्ट्राशी संबंध कितपत?

जुना आणि रोजचा, दोन्ही. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे; तिथे एप्रिल २०१५ मध्ये ८८ वं मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली झालं. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला आले. तिथेच त्यांना भेटलेला बंदा बहादूर पंजाबात परतला आणि त्याने सरहिंद जिंकलं. कुळांना जमिनीचे मालक केल्याचा मान पंजाबी शेतकरी त्यालाच देतो. १७५८ ची राघोबादादांची लाहोर स्वारी आपल्याला फार आठवते, त्यांना तितकी नाही.

रोजचं म्हणजे बियाणं. मंचरच्या बाजारात खरीप बटाट्याच्या लागवडीआधी जालंधरकडच्या बियाण्याच्या गाड्या लागतात. दोआब्यात थंडीमुळे विषाणू पसरवणारा मावा काही महिने जवळपास नसतो, म्हणून तिथलं बियाणं निरोगी राहतं आणि देशभर जातं. सातगाव पठारावरच्या शेतकऱ्याला जालंधरचा भाव तोंडपाठ असतो. आणि नाभा-भादसों भागात तयार झालेली हार्वेस्टर तर दारात येतातच.

बघायला जायचं तर कधी जावं?

शेती बघायची असेल तर एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा. गहू कापणी, मंडी आणि वैशाखी एकदमच मिळतात. मार्चमध्ये लुधियानाला कृषी विद्यापीठाचा किसान मेळा असतो, तो बियाणांसाठी. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, ते टाळावं. अमृतसरला गेलात तर सीमेकडच्या एखाद्या गावातही जा. पंजाबची पाकिस्तानशी साडेपाचशे किलोमीटर सीमा आहे आणि बऱ्याच शेतकऱ्यांची जमीन काटेरी कुंपणापलीकडे पडते. सीमा सुरक्षा दलाने ठरलेल्या वेळी फाटक उघडलं की ओळखपत्र दाखवून शेतात जायचं आणि फाटक बंद व्हायच्या आत परतायचं. तिथे रात्रीचं पाणी धरता येत नाही.